ट्रेलर आठ महिने उभा ठेवायचाय, टायर कसे वाचवायचे?

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा परत सांगतो, म्हणजे कुठे चुकत असेन तर तिथेच कळेल. चाळीस फुटी ट्रेलर, तीन एक्सल, बारा टायर, सगळे हजार-वीस (१०.००-२०) मापाचे रेडियल, त्यातले आठ गेल्या दिवाळीला नवे टाकलेले. बंदराचं काम सुटलं, घोडा (म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) विकला, ट्रेलरला मनासारखं गिऱ्हाईक मिळेना म्हणून तो उरण रोडला ओळखीच्या मोकळ्या यार्डात जूनपासून साधारण जानेवारीपर्यंत उभा राहणार. एकजण म्हणाला हवा अर्धी करून ठेव, दुसरा म्हणाला उलट दहा पौंड जास्त मार, आणि तिसऱ्याने सांगितलं जळकं ऑईल चोळून ठेव, चिरा पडत नाहीत. आता ऐकायचं कोणाचं.

तिसऱ्याचं अजिबात ऐकू नका, ते का ते खाली येईल. पहिले दोघं अर्धे अर्धे बरोबर आहेत आणि गोंधळ तिथेच आहे.

मी कळंबोलीत टायरचं काम करतो, बावीस वर्षं झाली. ट्रेलर उभा करायच्या आधी विचारायला कोणी येत नाही, तुम्ही आलात हेच विशेष वाटलं, बाकी सगळे येतात ते आठ-दहा महिन्यांनी बाहेर काढताना, आणि मग "टायर तर नवे होते हो, पळवले पण नाहीत" हे वाक्य ठरलेलं. पळवले नाहीत म्हणूनच गेले, हे सांगितलं की पटत नाही कोणाला. एका टायरला वीस-पंचवीस हजार धरले तरी तुमचे आठ नवे म्हणजे पावणेदोन-दोन लाखाचा माल आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वाचायला कंटाळा करू नका.

लोकांना वाटतं उभ्या टायरचा शत्रू म्हणजे वजन, एकाच जागी दबून टायर चपटा होतो. होतो, पण तुमच्या बाबतीत हिशोब करून बघा. रिकामा ट्रेलर समजा सात टन. त्यातले दोनेक टन पुढच्या लँडिंग लेगवर (घोडा नसताना ट्रेलर ज्या दोन लोखंडी पायांवर टेकतो त्यांवर) जातात, राहिले पाच टन, ते बारा टायरवर, म्हणजे एकावर चारशे-सव्वाचारशे किलो. तोच टायर रस्त्यावर किती घेतो? तीन एक्सलच्या सेटला कायद्याने २७ टन चालतात, म्हणजे एका टायरवर सव्वादोन टन, आणि ओव्हरलोडचं मी बोलतच नाही. तर उभं असताना रोजच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच वजन आहे. हवा पूर्ण असेल तर एवढ्या वजनाने हजार-वीस रेडियलचं फार काही बिघडत नाही. बिघडतं ते हवा उतरल्यावर, आणि हवा उतरते हे बघायला तिथे कोणी नसतं. म्हणून मी याला हवेचा प्रश्न म्हणतो. ऊन, पाणी, चिरा हे पुढचं सगळं हवेला येऊन चिकटतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. ट्रेलर खरंच रिकामा आहे का, की वर कोणाचा तरी माल किंवा रिकामा कंटेनर ठेवून देणार आहात (असं करतात लोक, जागेचं भाडं वाचतं म्हणून). माल ठेवणार असाल तर वरचा हिशोब विसरा. यार्डाची जमीन कशी आहे, काँक्रीट, मुरूम, की नुसता भराव. बाकीचे चार टायर किती जुने आहेत. ते बघायला साईडवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ३२१९ असेल तर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. पाच वर्षांच्या वर गेलेला टायर असेल तर त्याच्यावर फार मेहनत घेऊ नका, त्याला आतल्या बाजूला टाका आणि चांगले कुठे आहेत त्यावर लक्ष ठेवा. आणि चौथं, महिन्यातून एकदा तिथे जाणारा माणूस आहे का. खरं सांगायचं तर बाकी तीन गोष्टींपेक्षा हीच मोठी.

तर हवा. ट्रेलर टायरवरच उभा राहणार असेल तर हवा पूर्ण, म्हणजे तुम्ही लोडला जेवढी ठेवता तेवढी. अर्धी करून ठेवा म्हणणाऱ्या माणसाने कुठेतरी गोडाऊनमध्ये बघितलं असणार, टायर रिंगसकट काढून ठेवलाय किंवा गाडी ठोकळ्यावर उचललीय, टायरवर वजनच नाही, तिथे हवा कमी केलेली चालते आणि करावीच, उगाच ११० पौंड कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. पण वजन टायरवर असताना हवा अर्धी केली तर खालचा भाग फुगतो, साईड वाकते आणि आठ महिने तशीच वाकलेली राहते. दहा पौंड जास्तवाल्याचं म्हणणं थोडं बरोबर आहे, कारण हवा उतरणारच आहे, पण टायरच्या साईडवर जो जास्तीत जास्त आकडा छापलाय त्याच्या वर कधीच जायचं नाही, जास्त मारण्यापेक्षा महिन्याला एक चक्कर मारा.

उतरणार म्हणजे किती? धडधाकट ट्यूबसुद्धा महिन्याला दोनेक पौंड सोडते, रबरातून हवा हळूहळू झिरपतेच, पंक्चर लागत नाही त्याला. आठ महिन्यांचे झाले सोळा-अठरा. ११० चे राहिले ९२. त्यात थंडी धरा, आपल्याकडे थंडी ती काय म्हणा, पण मे महिन्याच्या दुपारी तापलेला टायर आणि जानेवारीच्या पहाटेचा टायर यात पंचवीस-तीस डिग्रीचा फरक असतो, आणि ११० च्या टायरला दर दहा डिग्रीला चारेक पौंडाचा फरक पडतो. म्हणजे मेमध्ये भर दुपारी ११० मारून गेलात तर जानेवारीत पहाटे ऐंशीच्या घरात सापडेल, पंक्चर नसताना, व्हॉल्व्हची पिन धड असताना. म्हणून हवा मारायची ती सकाळी, ऊन चढायच्या आधी.

आणि मारायची म्हणजे मोजून. टॉमीने (लोखंडी दांड्याने) टायर ठोकून आवाजावरून हवा सांगणारे क्लीनर सगळ्यांकडे आहेत, माझ्याकडेही होता एक, मी एकदा त्याला सहा टायर ठोकायला लावले आणि मग गेज लावला, पूर्ण हवेचा कुठला आणि सत्तरचा कुठला त्याला कळला नाही. अगदी बसलेला तेवढा कळतो, त्याच्या आधीचा नाही.

आतल्या टायरचं तर विचारूच नका. जोडीतला बाहेरचा दिसतो, आतल्याचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही म्हणून कोणी बघत नाही. तळोज्याच्या एका मालकाचा ट्रेलर दहा महिने उभा होता, मालक शिस्तीचा, दर महिन्याला माणूस पाठवून हवा बघायचा, बाहेरचे सगळे टायर झकास. मी खाली वाकून टॉर्च मारला तर आतले तीन पूर्ण बसलेले. बाहेरचा एकटा दोघांचं वजन घेऊन उभा आणि आतला त्याला टेकलेला, महिनोन्महिने दाबून राहिल्याने दोघांच्या साईडवर गोल ठसा. माणूस खोटं बोलत नव्हता, त्याने जे दिसलं ते बघितलं. तर उभा करायच्या आधी आतल्या टायरला व्हॉल्व्हची लांब नळी लावून घ्या, फार महाग नसते, आणि सगळ्या व्हॉल्व्हला टोपी, शक्यतो धातूची. खाडीची खारी हवा आहे तुमच्याकडे, उघड्या व्हॉल्व्हमध्ये ओल आणि मीठ बसलं की पिन गंजते, मग हवा तपासायला गेज दाबलात की पिन परत बसतच नाही आणि तपासल्यामुळेच टायर उतरतो. हे माझ्यासमोर झालंय, दोनदा.

आता चिरा. साईडवर बारीक बारीक भेगा पडतात, भेगाळलेल्या टाचेसारख्या, त्या उन्हाने पडतात असं सगळे म्हणतात. ऊन आहेच त्यात, पण एकटं नाही. हवेत थोडा ओझोन असतो, रबराला तो कुरतडतो. गंमत अशी की ढिल्या, ताण नसलेल्या रबराला तो फारसं काही करू शकत नाही, ताणलेल्या रबराला चिरतो. म्हणजे हवा उतरून साईड जिथे फुगून ताणली गेली तिथेच आधी भेगा. बघा फिरून हवेवरच आलो. टायर कंपन्या रबरात मेण आणि ओझोनला अडवणारं एक रसायन घालतात, टायर पळताना दबतो-सुटतो तेव्हा ते हळूहळू वर येतं आणि पातळ थर धरतं, ओझोनपासून तेच वाचवतं. कधी कधी नव्या टायरवर तपकिरी झाक दिसते ना, ती त्या रसायनाचीच, ती घासून काढू नका. उभा टायर दबत-सुटत नाही, मेण वर यायचं मंदावतं, वरचा थर ऊन-पावसाने जातो आणि खालून भरून निघत नाही. रोज रस्त्यावर मरमर मरणाऱ्या टायरपेक्षा आराम करणारा टायर आधी भेगाळतो तो यामुळे.

यातूनच ऑईलचं उत्तर मिळतं. जळकं ऑईल, डिझेल, रॉकेल, ग्रीस, हे रबरात शिरतं, रबर फुगवतं, मऊ करतं, आणि ते मेण विरघळवून टाकतं. चोळल्यावर दोन दिवस टायर काळाभोर दिसतो म्हणून लोकांना वाटतं पोसला गेला. कार सजावटवाल्यांकडचं चकाकी आणणारं पॉलिश पण तसलंच, त्यात काय तेल घातलंय ते बाटलीवरून कळत नाही, लावू नका. नुसतं पाणी आणि थोडी साबणाची पावडर, ब्रश मारा, खाचांतले दगड स्क्रू ड्रायव्हरने काढा, वाळू द्या, बास. आणि एक चूक होणारच आहे तुमच्या हातून म्हणून आधीच सांगतो, पावसाळ्याच्या तोंडावर गंज धरू नये म्हणून सगळेच चासीला आणि पाट्यांना (स्प्रिंगच्या) डिझेल-ऑईलचा फवारा मारून घेतात. मारा, लोखंडाला ते चांगलंच आहे, पण त्या आधी टायरवर गोण्या टाका, आणि मारल्यावर एक दिवस गाडी दुसरीकडे निथळू द्या. नाहीतर पाट्यांवरून ओघळलेलं ऑईल आतल्या टायरवर पडतं आणि खालच्या मातीत जिरतं आणि मग टायर आठ महिने त्याच तेलकट चिखलात उभा.

ओझोनचं अजून एक. वेल्डिंगची ठिणगी, जनरेटर, मोठ्या मोटरी, यांच्या आसपास ओझोन तयार होतो. यार्डात कोपऱ्यात वेल्डिंगवाला बसत असेल तर ट्रेलर त्याच्यापासून लांब लावा, त्याच्या ठिणग्यांपासूनही.

झाकायचं कशाने हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचाराल. काळं प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत भट्टी होते आणि पावसाळ्यात आत वाफ धरते, रिंग गंजायला आयतं. आपल्या ठाणे-नवी मुंबईत एका गोष्टीचा तुटवडा नाही, ती म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स. जुना फ्लेक्स घ्या, पांढरी बाजू बाहेर, भाऊंचा फोटो आत टायरकडे, चासीला वरून दोरीने बांधून पडद्यासारखा सोडा, खाली वीतभर मोकळा ठेवा म्हणजे वारा खेळतो. वाऱ्याने फडफडून फाटतो म्हणून खालच्या कडेला बांबू किंवा जुना पाईप बांधा. माझ्याकडचा एक फ्लेक्स दोन पावसाळे टिकलाय, नेते तेवढे टिकले नाहीत.

आणि ट्रेलर उभा करताना दिशा बघा, फुकटचं काम आहे. मे मध्यात आणि जुलैच्या शेवटी आपल्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, तेव्हा ट्रेलरची स्वतःचीच सावली टायरवर असते, आणि जून ते सप्टेंबर तसेही ढग. खरा त्रास ऑक्टोबर हिटपासून पुढे, सूर्य दक्षिणेला कललेला, तिरकं ऊन साईडवर दिवसभर. ट्रेलर पूर्व-पश्चिम लांबीने लावलात तर तुमच्या महिन्यांत मुख्यतः एकच बाजू, दक्षिणेची, उन्हात येते, फ्लेक्स एकाच बाजूला पुरतो. उत्तर-दक्षिण लावलात तर सकाळी एक बाजू, दुपारी दुसरी. अर्थात यार्डवाला "मला जागा अशी लागते" म्हणाला तर गप्प दोन्हीकडे फ्लेक्स बांधा, त्याच्याशी भांडू नका, आठ महिने तिथे राहायचंय.

आता जमीन. मला तुमच्या केसमध्ये सगळ्यात जास्त काळजी याची आहे, कारण तुम्ही उभा करताय तो जूनच्या तोंडावर. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरण-पनवेलकडची बरीच जमीन भरावाची, सखल, भरतीच्या वेळी पाणी मागे सारणारी, कळंबोलीत तर पावसाचं पाणी सांभाळायला सिडकोला होल्डिंग पॉन्ड ठेवावे लागले. अशा जमिनीत टायर रुततात ते परवडलं, लँडिंग लेग रुतले तर जास्त वाईट. लेगचा तळ केवढासा, आणि दोघांवर मिळून दोन टन. मऊ झालेल्या भरावात एक लेग अर्धा फूट खाली गेला की ट्रेलर तिरपा, एका बाजूच्या टायरवर वजन जास्त, आणि पुढे जानेवारीत घोडा लावायला गेलात की किंगपिनची (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खुंटीची) उंची जुळत नाही, मग क्रेन बोलवा. लेगखाली रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर भंगारात मिळतात ते, किंवा जाड लोखंडी प्लेट, दीड-दोन फूट तरी रुंद, ठेवा. टायरखाली फळ्या नाहीतर जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे. काँक्रीट असेल तरी ठेवा, डांबर असेल तर नक्कीच ठेवा.

पाणी साचतं त्या जागी उभा करूच नका. टायरला पाण्याचं काही वाकडं नाही असं वाटतं, आणि अख्ख्या टायरला नाहीच, पण रेडियलच्या आत लोखंडी तारा असतात. ग्रिपमध्ये खिळ्या-दगडाने पडलेली चीर तारेपर्यंत गेली असेल तर त्यातून पाणी शिरतं, आत तारा गंजतात, वरून टायर नवा दिसतो आणि पहिल्या लोडला ग्रिप सोलून निघते. तुमच्या टायरवर अशा चिरा असतील तर उभा करायच्या आधी गरम पॅच करून बंद करून घ्या, नंतर नाही.

दमलात का? आत्तापर्यंतचं एका दमात: रिकामा करा, धुवा, चिरा बुजवा, सकाळी गेजने पूर्ण हवा, आतल्यांना लांब नळ्या, टोप्या, उंच जागा, लेगखाली स्लीपर, दक्षिणेला फ्लेक्स, तेल कशालाच नाही.

राहिला प्रश्न उचलून ठेवायचा की टायरवरच. पुस्तकातलं उत्तर म्हणजे ठोकळ्यावर उचला, टायर जमिनीपासून सुटू द्या. माझं मत, तुमच्या जागेवर, उचलू नका. पक्क्या काँक्रीटवर, शेडमध्ये असता तर उचला म्हटलं असतं. भरावाच्या जमिनीवर पावसाळ्यात सात टनाचा ट्रेलर ठोकळ्यांवर ठेवायचा आणि खालची माती धुपायची वाट बघायची, तिथे पोरं खेळतात, कुत्री झोपतात, नको. तरी उचलणारच असाल तर ठोकळे एक्सलखाली, पाट्याच्या बैठकीच्या जवळ, दोन्ही बाजूला, लाकडी स्लीपर एकावर एक आडवे-उभे रचून. सिमेंटचे ब्लॉक आणि विटा अजिबात नाहीत, त्या आधी वाकत नाहीत, एकदम फुटतात. आणि मग हवा निम्म्याच्या आसपास केलीत तरी चालेल, पहिल्या माणसाचा सल्ला तिथे लागू.

उचलत नाही तर महिन्या-दीड महिन्याने ट्रेलर हलवायला हवा, टायरचा पाव फेरा जरी फिरला तरी दबलेली जागा बदलते. पण तुमचा घोडा विकलाय. कोणा मित्राचा घोडा त्या बाजूला येत असेल तर जेवणाच्या बदल्यात दहा मिनिटांचं काम आहे, लावा, ब्रेकला हवा भरू द्या, चार फूट पुढे घ्या, परत लेग स्लीपरवर. आठ महिन्यांत चार वेळा झालं तरी खूप झालं. रस्त्यावर फेरी मारून आणू नका, विशेषतः आरटीओत टॅक्ससाठी नॉन-यूज, म्हणजे गाडी वापरात नाही असं लिहून दिलं असेल तर, त्यात गाडी सांगितलेल्या जागेवरच राहिली पाहिजे, रस्त्यावर सापडली तर वाचवलेल्या टॅक्सपेक्षा जास्त जातील. ब्रेकचं अजून एक, पार्किंग ब्रेक लावून आठ महिने सोडलात तर ब्रेकचा लायनर ड्रमला धरतो, मग पहिल्या दिवशी चाक फिरत नाही आणि घोडा ते घासत ओढत नेतो, टायरला तिथेच टक्कल. मेकॅनिककडून चेंबरचा बोल्ट मारून ब्रेक मोकळा करून घ्या, पण त्या आधी चाकांना दोन्हीकडून दणकट ठोकळे, आणि लेगवर "ब्रेक मोकळा आहे" असं रंगाने मोठं लिहून ठेवा.

घोडा मिळतच नसेल तर? मग हवा आणखी नेटाने बघा. रिकाम्या ट्रेलरला, पूर्ण हवेत, रेडियल टायर आठ महिने एका जागी राहिला तर थोडा ठसा पडेल, त्याने जीव जात नाही. तुमचे टायर नायलॉनचे असते तर पहिले पंधरा-वीस किलोमीटर गाडी धडधडली असती आणि गरम झाल्यावर आपोआप बसली असती, नायलॉनचा स्वभावच तो.

काही लोक नवे टायर काढून घरी नेतात आणि जुने गोटे टायर लावून ट्रेलर उभा करतात. चोरीच्या भीतीने असेल तर मी त्याला हसणार नाही, उरण रोडला रात्री स्टेपनी जाते हे तुम्हाला मी सांगायला नको, स्टेपनी तरी घरी न्याच. आठ टायर नेणार असाल तर रिंगवरून काढलेले उभे ठेवा, ग्रिपवर, आणि महिन्याने थोडे फिरवा, रिंगसकट असतील तर हवा कमी करून आडवे एकावर एक चालतील. अंधारी कोरडी खोली. गच्चीवर उघड्यावर ठेवू नका, ऊन तर आहेच, पण आडव्या टायरमध्ये पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास त्यातच होतात, पालिकेची माणसं पावसाळ्यात टायर शोधतच फिरत असतात, नोटीस तुम्हाला आणि शिव्या सोसायटीच्या.

आता जानेवारीत बाहेर काढताना, इथे जीवाचा प्रश्न आहे म्हणून नीट वाचा. साधा नियम असा की ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांच्या खाली उतरलेल्या हवेवर टायर चालला असेल, तुमच्या हिशोबात ८८ च्या खाली, तर तो न तपासता तसाच फुगवायचा नाही. रेडियलच्या साईडमधल्या तारा वाकून वाकून तुटलेल्या असतात, बाहेरून काही दिसत नाही, हवा भरताना पँटच्या चेनसारखी साईड उभी फाटते. तुमचा टायर चाललेला नसेल, नुसता उभा असताना थोडा उतरलेला असेल तर बघून, हात फिरवून भरा. पण पूर्ण बसलेला सापडला, रिंगवर दुमडलेला, तर जागेवर कॉम्प्रेसर लावून फुगवू नका. काढा, रिंगवरून उतरवा, आतून टॉर्चने बघा, ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिंगमधला रबरी पट्टा) बघा, आणि लोखंडी पिंजऱ्यात ठेवून भरा. हजार-वीसला लॉक रिंग (टायर चाकावर धरून ठेवणारी लोखंडी कडी) असते, गंजलेल्या रिंगवर ती नीट बसली नसेल आणि हवा भरताना उडाली तर समोरचा माणूस वाचत नाही. आमच्या लाईनमध्ये असा एक गेलाय, वय बावीस होतं. लांब पाईप, चिमट्याचं नोझल, माणूस बाजूला, टायरसमोर कोणी नाही. पंक्चरवाला "कशाला एवढं" म्हणाला तर दुसरा पंक्चरवाला बघा.

मग लायनर, बेअरिंगचं ग्रीस, नट पाना लावून कसणं, हे मेकॅनिक करेल. पहिली फेरी रिकामी, वेग चाळीसच्या आत, जासई किंवा पळस्पे जिथे सोयीचं तिथे थांबून प्रत्येक टायरला हात लावा, एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो संशयित. पन्नास किलोमीटरनंतर नट परत कसा.

एवढं करूनही बारातला एखादा जाईल, जुन्या चारांतला. तो मी आत्ताच धरून चाललोय, तुम्हीही धरा.

आणि लेगखाली आत्ता काय आहे त्याचा एक फोटो टाका, जवळून, आणि एक लांबून जमिनीचा उतार दिसेल असा. बाकीचं सगळं पुढच्या रविवारी केलंत तरी चालेल, पण पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय आणि एकदा भराव भिजला की ट्रेलर उचलून खाली स्लीपर सरकवायला जॅकलाही जमीन मिळणार नाही.